अंजनेरीचे फुलांचे पठार

प्रश्न : अंजनेरीच्या माथ्याखालील पठारावरची फुले पाहण्यासाठी केव्हा जावे आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील अंजनेरी गावातून पायऱ्यांच्या वाटेने चढले की अंजनीमातेचे मंदिर असलेले विस्तीर्ण पठार लागते आणि त्याच्यामागे सुमारे 1300 मीटर उंचीचा बालेकिल्ला उभा दिसतो. हिमालयातील बुग्याळांवर, म्हणजे वृक्षरेषेच्या वरील कुरणांवर, थंडीमुळे झाडे वाढत नाहीत. अंजनेरीसारख्या सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, कारण मात्र वेगळे आहे : मातीचा थर बोटभरच असतो, पावसाळ्यात तेथे पाणी साचते आणि पुढे अनेक महिने कोरडे जातात, म्हणून प्रामुख्याने अल्पायुषी व कंदधारी वनस्पती तेथे टिकतात.

त्यांत सर्वांत मोलाची म्हणजे 2006 साली शास्त्रीय नोंद झालेली, अंजनेरीचेच नाव धारण करणारी कंदीलपुष्पाची जात होय. तिच्या नळीसारख्या फुलात शिरलेली चिलटे आतील खालच्या दिशेने वळलेल्या केसांमुळे काही काळ अडकतात आणि केस सुकल्यावर परागकणांच्या पुंजक्यांसह बाहेर पडतात.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ भेटीसाठी उत्तम असला, तरी ओल्या मातीवर पडलेले एक पाऊलही कंद चिरडू शकते. म्हणून मळलेली वाट सोडू नये, फूल खुडू नये, कंद उकरू नये आणि दुर्मीळ झाडाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, कारण इतक्या लहान क्षेत्रात जगणारी जात एकदा गेली तर ती पुन्हा मिळणार नाही.