केनियाची ‘एम-पेसा’ पद्धती : मोबाइलवरचा पैसा खेड्यात कसा पोहोचतो?

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात बहुसंख्य शेतकरी अल्पभूधारक आहेत. मका, घेवडा, चहा आणि दुभती जनावरे यांवर घर चालते, आणि घरातील एखादा कर्ता माणूस नैरोबी किंवा मोंबासाला कामाला असतो. आपल्याकडील कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरवर अनेक वर्षे घरे चालली. तशीच ही रचना आहे. पूर्वी केनियात हा पैसा टपालाने किंवा गावाकडे जाणाऱ्या बसवाल्याच्या हाती पाठविला जाई. तो उशिरा मिळे, कधी मिळतही नसे. मार्चमध्ये पाऊस सुरू झाला आणि बियाण्याचे पैसे एप्रिलअखेर आले, तर त्याचा उपयोग काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने ‘एम-पेसा’ सेवा सुरू केली. ‘एम’ म्हणजे मोबाइल आणि ‘पेसा’ म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. आपल्याच शब्दाचा हा भाऊबंद. मूळ बेत मात्र वेगळा होता. २००५ च्या चाचणीत लहान कर्जाचे हप्ते फोनवरून भरून घ्यावयाचे होते. लोकांनी ती सोय एकमेकांना पैसे पाठविण्यासाठी वापरली आणि योजना आखणाऱ्यांनी हट्ट न धरता योजनाच बदलली. आम्हा विस्तार कार्यकर्त्यांनाही यातून घेण्यासारखे बरेच आहे.

दुकानदाराचे दोन गल्ले

समजा, नैरोबीतील मुलाला गावी आईकडे ३,००० शिलिंग पाठवावयाचे आहेत. तो जवळच्या एजंट दुकानदाराकडे रोख रक्कम देतो. दुकानदार आपल्या फोनमधील तेवढी शिल्लक मुलाच्या खात्यावर टाकतो. मुलगा गुप्त क्रमांक दाबून ती आईच्या क्रमांकावर पाठवितो आणि दोघांनाही संदेश येतो. आई गावातील दुकानात ओळखपत्र दाखवून रोख रक्कम घेते. यासाठी साधा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. पैसे भरणे मोफत असते. पाठविण्यास व काढण्यास आकार पडतो. फोनमध्ये दिसणाऱ्या शिलकीइतकी रक्कम बँकांमध्ये विश्वस्त खात्यात ठेवलेली असते. कंपनीला ती आपल्या धंद्यात वापरता येत नाही.

या पद्धतीत सर्वांचे लक्ष फोनकडे जाते. वास्तविक सर्व मदार दुकानदारावर आहे. त्याला दोन गल्ले सांभाळावे लागतात : एक रोकडीचा, दुसरा फोनमधील शिलकीचा. गिऱ्हाइकाने पैसे भरले की रोकड वाढते व शिलक घटते. पैसे काढले की उलट होते. शहरातील लोक मुख्यतः पैसे भरतात, खेड्यातील लोक काढतात. त्यामुळे शहरातील दुकानात रोकड साचते आणि खेड्यातील दुकानात ती दुपारपर्यंत संपते. मग दुकानदाराला बँकेत जाऊन फोनमधील शिलकीची रोकड करून आणावी लागते. बँक दूर असेल तर जाण्यायेण्यात दिवस मोडतो, शिवाय वाटेत चोरीची भीती. पाटाला पाणी सुटले तरी चारीचे तोंड बुजले असेल तर वावर कोरडेच राहते, तसाच हा प्रकार आहे.

तवनीत सुरी व विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी केनियातील कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आजारपण, नोकरी जाणे, पीक बुडणे असे संकट आले असता ही सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांचा घरखर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटला. वापरणाऱ्यांचा घटला नाही. कारण साधे आहे. अडचणीच्या दिवशी दूरच्या नातलगाकडून थोडे-थोडे पैसे लगेच येऊ शकले. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार या सेवेमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे देशातील २ टक्के, अतिगरिबीतून वर आली. स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांना लाभ अधिक झाला.

कर्ज घेताना मात्र सावध

नोव्हेंबर २०१२ पासून ‘एम-श्वारी’ नावाने बचत व कर्जाची सोय त्याच फोनवर मिळू लागली. कागदपत्रे नाहीत, जामीनदार नाही, काही क्षणांत पैसे हातात. सुरुवातीला आकार ७.५ टक्के होता. पीककर्जाची सवय असलेल्यास हा आकडा ओळखीचा वाटेल. परंतु तो वर्षाचा नसून ३० दिवसांचा होता. ४,००० शिलिंग घेतल्यास महिन्याने ४,३०० द्यावे लागत. दर महिन्यास असेच नवे कर्ज काढत गेल्यास वर्षात ३,६०० शिलिंग केवळ आकारापोटी जातात. केनियाच्या उंच भागात मका घरात येण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. ३० दिवसांचे कर्ज दवाखान्याला किंवा दुकानाच्या मालाला उपयोगी पडेल, बियाण्याला नाही. हप्ता चुकलेल्यांची नोंद पतमाहिती संस्थेकडे जाते आणि पुढे बँकेचे कर्ज मिळणे अवघड होते. सोपे कर्ज हेच नेमके धोक्याचे ठरले, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे व्होडाफोनने २०१३ मध्ये याच नावाची सेवा आणली. ती २०१९ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये आलेली यूपीआय पद्धत थेट बँक खात्यातून खात्यात पैसे नेते, त्यामुळे कंपनीच्या वेगळ्या खात्याची गरज उरली नाही. साध्या फोनसाठीही २०२२ पासून यूपीआयची सोय आहे. रोकडीची गरज मात्र संपलेली नाही, आणि गावातील बँक मित्राला केनियातील दुकानदारासारखेच दोन गल्ले सांभाळावे लागतात. मोठी रक्कम काढावयाची असल्यास त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

केनियात आणखी एक फसवणूक नेहमीची आहे. ‘पैसे जमा झाले’ असा खोटा संदेश येतो आणि पाठोपाठ ‘चुकून आले, परत पाठवा’ असा फोन येतो. आपल्याकडेही हे घडते. अशा वेळी संदेश न पाहता खात्यातील शिल्लक पाहावी, आणि रक्कम खरोखर आलेली असली तरी ती बँकेमार्फतच परत करावी. पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही. फसवणूक झाल्यास त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वीच ती थांबविता येते.