दोन इमारतींची बिनतारी जोडणी

ज्या शाळेचे वर्ग दोन इमारतींत भरतात, तेथे इंटरनेटची सोय पुष्कळदा एकाच इमारतीत असते. एका ठिकाणची मुले नकाशे व चित्रफिती प्रत्यक्ष पाहतात. ओढ्यापलीकडील मुलांच्या वाट्यास त्यांचे केवळ वर्णन येते. हे अंतर मिटविण्यासाठी दर वेळी तार ओढावी लागतेच असे नाही. दोन्ही छपरांवर परस्परांकडे तोंड करून बसविलेली दोन यंत्रे हे कार्य करू शकतात. जोडणी तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. तथापि तिच्यामागील तत्त्व शिक्षकांस अवगत असावे. तंत्रज्ञ एक दिवस येऊन जातो, शाळा मात्र वर्षभर तेथेच असते.

तत्त्व

उघड्या दिव्याचा प्रकाश चहूंकडे पसरतो. त्याच दिव्यामागे अंतर्वक्र आरसा ठेवला असता तो एका दिशेस दूरवर जातो. दिशाबद्ध अँटेनाचे कार्य असेच आहे. ती नवी शक्ती निर्माण करीत नाही. असलेली शक्ती एका दिशेस एकवटते. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये धातूच्या अन्वस्ताकार परावर्तकाने विद्युत्-लहरी अशाच एकवटून दाखविल्या होत्या. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यास बिनतारी लहरींचा जाहीर प्रयोग केला, हेही विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

मोकळी वाट

एका छपरावरून दुसरे दिसले की काम झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो अपुरा आहे. लहरी दोऱ्यासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. त्यांना दोन्ही टोकांस निमुळती व मध्ये फुगीर अशी, चातीच्या आकाराची जागा लागते. तीस फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. दोन इमारतींत ४०० मीटर अंतर व लहरींची वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ असल्यास, मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या सुमारे २.३ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे १.४ मीटर, दृष्टिरेषेभोवती सर्व बाजूंनी मोकळा असावा. वाटेतील छप्पर वा झाडाचा शेंडा या मर्यादेत येत असल्यास खांब उंच करावा.

पाहणी कोणत्या ऋतूत केली, यासही महत्त्व आहे. माघ-फाल्गुनात निष्पर्ण झालेल्या पिंपळातून पलीकडची भिंत स्पष्ट दिसते आणि जोडणीही उत्तम चालते. आषाढात तोच वृक्ष ओल्या पानांनी भरतो, पाणी लहरी शोषून घेते आणि जोडणी क्षीण होते. दोष मात्र यंत्रास दिला जातो. म्हणून झाड पूर्ण बहरले असे गृहीत धरूनच उंची ठरवावी.

कृती

१. यंत्रे मान्यताप्राप्त असावीत. २.४ व ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यांतील ठराविक भागांत, विहित शक्तिमर्यादेत, स्वतंत्र परवाना लागत नाही.

२. छपरावर चढविण्यापूर्वी दोन्ही यंत्रे जमिनीवरच, कमी शक्तीवर, एकमेकांशी जोडून पाहावीत. संकेतशब्द तेव्हाच घालावा.

३. खांब ओळंब्याने सरळ करून पक्का रोवावा. विजेच्या तारांजवळ खांब उभारू नये.

४. दोन्ही अँटेना एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही उभ्या किंवा दोन्ही आडव्या, बसवाव्यात.

५. प्रथम एकच अँटेना हळूहळू फिरवावी. दुसरी स्थिर ठेवावी. मग दुसरीची पाळी घ्यावी. पहिला चांगला आकडा मिळताच थांबू नये, कारण अँटेनाच्या बाजूंसही दुय्यम झोत असतात. उत्तम स्थान ओलांडून पुढे जावे व परत येऊन सर्वांत मोठ्या आकड्यावर स्क्रू आवळावेत.

६. यंत्रास वीज व माहिती एकाच केबलने मिळत असल्यास तिची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी आत न जाता तेथेच गळेल.

७. अर्थिंग व वीजरोधक यांवाचून यंत्र चालू करू नये. विद्यार्थ्यांस छपरावर नेऊ नये.

वर्गातील उपयोग

यंत्र दाखवीत असलेली लहरींची तीव्रता ऋण संख्येत असते. −६० हा आकडा −७५ पेक्षा मोठा, म्हणून अधिक चांगला. तीनने घट झाली की शक्ती जवळजवळ निम्मी होते. ऋण संख्या शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल. विद्यार्थ्यांकडून दर सोमवारी हा आकडा वहीत नोंदवून घ्यावा व त्याचा आलेख काढवावा. आलेख हळूहळू उतरू लागल्यास झाड वाढले असावे. एकाएकी कोसळल्यास वाऱ्याने अँटेना हलली असावी किंवा केबलमध्ये पाणी शिरले असावे.

अशी वही ज्या शाळेत आहे, तेथील शिक्षकास तंत्रज्ञापुढे केवळ "चालत नाही" असे सांगावे लागत नाही. काय बिघडले व केव्हापासून, हे तो दाखवू शकतो. आणि ओढ्यापलीकडील वर्ग फार दिवस अडून राहत नाही.