गुळाचे बाइट

एकाच कोडने फाइल लिहायची आणि त्याच कोडने ती परत वाचून ताडायची, असल्या टेस्टवर माझा भरवसा उरलेला नाही. मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागातल्या एका गाळ्यावर पट्टीचं सॉफ्टवेअर नुकतंच बसवलं होतं. टेस्ट सगळ्या पास. आणि दिवाणजी विचारताहेत, "साहेब, गुळाच्या जागी हे काय आलंय?"

आला होता एक रिकामा चौकोन आणि दोन चिनी वळणाची अक्षरं. 'गूळ' यूटीएफ-16 मध्ये 0917, 0942, 0933 असा लिहितात. प्रत्येक जोडीतले बाइट उलटले की होतं 1709, 4209, 3309. पहिलं फिलिपिन्सच्या बायबायिन लिपीतलं. त्याचा फॉन्ट नव्हता म्हणून चौकोन. दुसरं खरंच चिनी. तिसरं जपानीत 'औंस' लिहायचं चिन्ह! गूळ निदान मापापर्यंत तरी पोचला होता.

आमचं जावातलं सॉफ्टवेअर मालाची नावं हिशेबाच्या जुन्या विंडोज प्रोग्रॅमच्या फाइलमधून घ्यायचं. ती फाइल धाकटा बाइट आधी ठेवायची, पण सुरुवातीची 'एफएफ एफई' ही खूण घालायची नाही. जावाला नुसतं 'यूटीएफ-16' सांगितलं आणि खूण नसली, तर ते थोरला बाइट आधी धरून वाचतं. टेस्टमधली फाइल जावानेच लिहिलेली, खुणेसकट. ती कशाला फसेल?

म्हणून टेस्टमधले बाइट हाताने लिहा: 17 09 42 09 33 09. उलट्या क्रमाचीही फाइल ठेवा. दोन्ही क्रम, खुणेसह आणि खुणेविना. कोडमध्ये क्रम नावानिशी सांगा. यूटीएफ-8 मध्ये क्रमाची कटकट नाही, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. वीस बाइटांच्या रकान्यात सहा चिन्हं बसतात, सातवं मधेच तुटतं.

नमुन्याला इंग्रजी अक्षरांतलं 'एबीसी ट्रेडर्स' असलं नाव तर नकोच. यूटीएफ-8 मध्ये त्याला काहीच होत नाही. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला ऱ एका चिन्हाचा असतो, तसा र आणि नुक्ता मिळून दोन चिन्हांचाही. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे सारखी रूपं एक करणारं नॉर्मलायझेशन, चालवलं की दोन्ही एक होतात. 'ॲपल बोर' मात्र ऐकत नाही: एकसंध ॲ आणि अ-वर चंद्र दिलेला अॅ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एनएफसीला ते वेगळे. फळांच्या नोंदीत एकाच मालाची दोन नावं होतात ती अशी. तिथे कोणता ॲ ठेवायचा हा नियम आपणच लिहायचा, आणि माल शोधण्याआधी चालवायचा.