उताऱ्यावरील प्रश्न : चुकीचा पर्याय कसा ओळखावा?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे ‘सीसॅट’, २०० गुणांचा असतो. तो पात्रतेपुरताच असला तरी त्यात ३३ टक्के गुण मिळाल्याशिवाय पहिल्या पेपराचे गुण कामास येत नाहीत. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. या पेपरात उताऱ्यांवरील प्रश्न बरेच असतात. उत्तर समोर छापलेलेच असते, पण चकवाही तेथेच असतो.

उदाहरणादाखल आपल्या परिसरावर मी एक उतारा तयार केला आहे :

‘पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी त्यास साहाय्य केले. १९५५ साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.’

उताऱ्यावरून कोणते विधान योग्य ठरते?
(१) कारखान्यामुळे देशातील औषधटंचाई कायमची संपली.
(२) कारखान्याची मालकी युनिसेफकडे होती.
(३) पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला.
(४) स्थापनेनंतरच्या वर्षी कारखान्यात औषधनिर्मिती सुरू झाली.

पहिल्या पर्यायात अतिरेक आहे. ‘कायमची’, ‘सर्वच’, ‘फक्त’ असे शब्द दिसले की तितके ठाम विधान उताऱ्यात आहे का, हे बोट ठेवून पाहावे. दुसऱ्यात नावे उताऱ्यातलीच आहेत, पण ‘साहाय्य’ची ‘मालकी’ झाली आहे. तिसरा सर्वांत फसवा. तो खरा आहे, पण उताऱ्यात नाही. अभ्यासू विद्यार्थी नेमका येथेच अडकतो. चौथा शब्द बदलून उताऱ्याचाच अर्थ सांगतो; तोच बरोबर.

ही शिस्त केवळ परीक्षेपुरती नाही. माझे वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे आलेला प्रत्येक कागद माझ्या हाती येतो. ‘कायम करण्याबाबत विचार करण्यात येईल’ असे मी वाचतो आणि आईला ‘कायम करण्यात येईल’ असे ऐकू येते. तेव्हा कागदावर आहे तेवढेच पुन्हा वाचून दाखवणे जड जाते. पण त्या भरवशावर कर्ज काढले तर ते फेडायचे कोणी?

तेव्हा मित्रहो, रोज एक उतारा सोडवा. पर्याय पाहण्याआधी उत्तर मनाशी स्वतःच्या शब्दांत मांडा आणि खोडलेल्या प्रत्येक पर्यायापुढे तो का खोडला, ते लिहा.