थट्टेतून निघालेले मुसळ

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली. पैठणास आरंभ झालेली ही टीका शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) काशीक्षेत्री पूर्ण झाली, हे वारकऱ्यांस ठाऊकच आहे. ह्या स्कंधात उद्धवाला केलेला उपदेश आहे, भक्ती आहे, वैराग्य आहे. म्हणून आपण तो ग्रंथ डोक्यावर घेतो. पण त्याच्या पहिल्याच अध्यायात काय आहे? पोरांनी केलेली एक थट्टा. आज आम्हांला तेवढ्याच कथेचा विचार करावयाचा आहे.

पिंडारक क्षेत्री विश्वामित्र, कण्व, दुर्वास, नारद आदी ऋषी उतरले होते. यादवांच्या पोरांनी जांबवतीचा मुलगा सांब ह्याला गरोदर बाईचे सोंग दिले आणि ऋषींपुढे नेऊन उभे केले. ही बाई लाजते, म्हणून हिच्या वतीने आम्हीच विचारतो. हिला मुलगा हवा आहे, काय होईल ते सांगा! ऋषी कोपले. म्हणाले, मुसळ होईल, तुमच्या कुळाचा नाश करणारे. पोरांनी घाबरून सोंग सोडून पाहिले, तो आत खरोखरच लोखंडाचे मुसळ.

येथे वाचकांनी जरा थांबावे. पोरे भ्याली, पण म्हणाली काय? हे आपण काय करून बसलो, आता लोक आपल्याला काय म्हणतील? मुसळ उचलून ती घरी आली, राजसभेत हकीकत सांगितली. उग्रसेनाने मुसळाचे चूर्ण करून समुद्रात टाकविले. झाले, प्रकरण मिटले! शापाची भीती वाटली, लोकांची वाटली. पण ज्यांची थट्टा केली त्यांचे पाय धरावयास कोणी परत गेल्याचे भागवतात आलेले नाही. ते चूर्ण लाटांनी किनाऱ्यास आणले, त्याचे लव्हाळे उगवले. उरलेला तुकडा माशाने गिळला आणि पुढे तो जरा नावाच्या व्याधाच्या बाणाला लागला. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवर तुटून पडले ते तेच लव्हाळे उपटून. महाभारताच्या मौसलपर्वात तर त्या भांडणाचे निमित्तही दिले आहे. मद्याच्या भरात सात्यकीने कृतवर्म्याला हसून हिणवले की, झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय! कृतवर्म्याने लगेच भूरिश्रव्याचा वध उकरून काढला. तेथूनच शस्त्र निघाले.

कोणी म्हणेल, महाराज, भगवंताची इच्छाच तशी होती. बरोबर आहे, भागवतच तसे सांगते. पण देवाला कुळ आवरावयाचे होते म्हणून थट्टा करणाराचे तोंड काही पवित्र होत नाही.

आता माउलींकडे येऊ. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे व्याख्यान मोठ्या विस्ताराने आले आहे. तेथे चालणे कसे असावे, पाहणे कसे असावे हे सांगताना माउली वाणीवर येतात आणि जे दोष त्या वाणीने टाकून दिलेले असतात त्यांत उपहास आणि वर्मस्पर्श हे नावाने मोजतात. हे सत्याच्या प्रकरणात नाही, सभ्यतेच्या नाही. अहिंसेच्या प्रकरणात आहे. म्हणजे वर्मी लागलेला विनोद ही माउलींच्या हिशेबी मारहाणच आहे. सुश्रुताने शरीरात १०७ मर्मे सांगितली. तेथला घाव लहान असला तरी तो जिवावर बेततो. मनाची मर्मे कोणी मोजलेली नाहीत. कोणाचे काळे अंग, कोणाला मूल नाही, कोणाचा मुलगा व्यसनी निघाला, कोणाची जीभ अडखळते. थट्टेखोराला ती बरोबर सापडतात, कारण हशा तेथेच पिकतो.

एका दिंडीत एक तोतरा मुलगा टाळ धरीत असे. बोलताना त्याचा शब्द अडे, चालीवर म्हणताना मात्र कधीच अडत नसे. तोतऱ्यांचे पुष्कळदा असेच असते. मुक्कामाला पंगत बसली असता विणेकऱ्यांनी त्याची नक्कल केली. सगळी पंगत हसली. मुलगाही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नुसते टाळ वाजू लागले, तोंड मिटलेले. पुढच्या वारीला तो आलाच नाही. आम्ही विणेकऱ्यांजवळ विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अहो महाराज, गंमत केली हो! तोसुद्धा हसला की." हसला, हे खरेच. चारचौघांत दुसरे काय करील बिचारा?

आणि मग नेहमीचे उत्तर येते: संतांनी निंदा सोसली, आपण एवढेही सोसू नये? वारकऱ्यांत हे उत्तर फार चालते, म्हणून ह्याचा निकाल लावला पाहिजे. सोसणे हे ऐकणाराने आपण होऊन स्वीकारावयाचे व्रत आहे. बोलणाराने ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधावयाचे नाही. 'संन्याशाची पोरे' म्हणून ह्या भावंडांची अवहेलना झाली, आणि परंपरा असे सांगते की, लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले. ज्ञानदेव! तेव्हा बाहेरून विनविले ते मुक्ताईने. तिला तो अधिकार होता. तोच शब्द तिनेही झेललेला होता. ज्यांनी तो शब्द उच्चारला त्यांतला कोणी दाराशी आल्याचे कोठे सांगितलेले नाही.

आम्हां कीर्तनकारांचेही येथे लिहिले पाहिजे. सुनेवर, जाड्या बाईवर, बहिऱ्या म्हाताऱ्यावर कोटी केली की मंडप डोलतो, हे आम्हांला माहीत आहे, म्हणून तर ती होते. पूर्वी ती मंडपात विरून जाई. आता भ्रमणध्वनीवर तिचे चित्रण घरोघर फिरते आणि ज्या सुनेला कीर्तनाला येता आले नाही तिलाही सासरची माणसे ती मुद्दाम ऐकवितात. गीतेने वाणीच्या तपात सत्याच्याही आधी 'अनुद्वेगकर' हा शब्द घातला आहे, त्यावर आम्हीच तासन्‌तास निरूपण करतो.

असो. ताटीचा प्रसंग आम्ही एका एकादशीला त्या दिंडीच्याच गावी लावला होता. पुढे महिन्याभराने विणेकरी, वय सत्तरीचे, एस.टी.ने त्या मुलाच्या गावी गेले. मुलाच्या आईने चहा केला. ते म्हणाले, "बाळा, माझं चुकलं." मुलगा काही बोलला नाही, रीतीप्रमाणे पाया पडला आणि रानात निघून गेला. त्या कार्तिकीला तो आला नाही. पुढच्या आषाढीला आला. टाळकऱ्यांत मागच्या रांगेला असतो, चालीवर म्हणतो. विणेकऱ्यांशी 'रामकृष्णहरी' एवढेच बोलतो.