कोपीवरच्या पोरांचा खो-खो

चि. ओवीस,


तुझ्या आईचा फोन आला होता. जिल्ह्याच्या संघात तुझी निवड झाली नाही आणि तेव्हापासून तू रोज संध्याकाळी ऊसतोड्यांच्या तळावर जाऊन तिथल्या कोप्यांत, झोपड्यांत राहणाऱ्या पोरांना खो-खो शिकवतेस, हे कळलं. बाबा म्हणतात वेळ वाया चाललाय. तू म्हणतेस, वर्गात सगळ्यांना कोण व्हायचंय ते ठाऊक आहे, मलाच नाही. अगं, चौदाव्या वर्षी ज्यांना ते ठाऊक असतं, त्यांतल्या निम्म्यांना घरच्यांनी सांगितलेलं असतं. त्याची घाई नको.

तुझ्याच खेळाकडे बघ. नऊपैकी आठ जणी पाटीवर बसलेल्या, एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून. उठलेलीला मध्यपाटी ओलांडता येत नाही, खुंटापर्यंत गेल्याशिवाय दिशा बदलता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. एकटीनं कितीही जीव तोडला तरी ती हाती लागायची नाही, असाच हा खेळ रचलाय. आता हात टेकणार असं वाटत असतानाच हाव सोडायची, दुसरीच्या पाठीवर थाप द्यायची, मोठ्यानं 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. चांगली खेळाडू मी धावण्यावरून ओळखत नाही, खो कधी देते यावरून ओळखतो. तुला ते फार लवकर जमलं. गडी बाद झाल्याची नोंद दुसरीच्या नावावर होते, आणि निवड करणारे बहुतेकदा नोंदवहीच बघतात.

धाराशिवच्या सारिका काळेचं नाव तू ऐकलं असशील. तेराव्या वर्षी ती मैदानावर आली. घरात दिवसाला एकच जेवण, अशी कित्येक वर्षं तिनं काढली. परिस्थितीला कंटाळून एकदा खेळ सोडायलाही निघाली होती. 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून आवडतं ते हे, की ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. दुसऱ्यांची पोरं मैदानावर यावीत हे बघणं, हीच तिची नोकरी. तेराव्या वर्षी तिला असं काही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. ती तेव्हा नुसती खेळत होती.

तळावरचं काम चालू ठेव, पण दया म्हणून करू नकोस. चॉकलेटं वाटू नकोस, मोबाइलवर रील काढू नकोस. शाळेला प्रमाणपत्रासाठी असले फोटो हवे असतात, मला त्याचा राग येतो. मुकादमाला आधी विचार. वेळ सांगितलीस तर त्या वेळेला पोच. ही पोरं मोठ्यांची वाट बघण्यातच वाढतात. कोपीपाशी एखादी मुलगी कडेवर धाकट्याला घेऊन लांबूनच बघत असेल. तिला हाक मारून उपयोग नाही, ते पोर ठेवणार कुठं? बसायचा नंबर नसेल तेव्हा एकेकीनं पाळीपाळीनं ते सांभाळायचं, असा नियमच कर. आणि त्यांना सांग, 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. तळावरची बरीचशी पोरं बीडचीच असतील, बघ कशी उसळतात.

होळीच्या मागंपुढं कारखान्याचा पट्टा पडेल, गाळप संपेल आणि ती सगळी निघून जातील. तुला वाईट वाटेल, वाटू दे. त्याआधी प्रत्येकाचं गाव, शाळा आणि इयत्ता वहीत लिहून घे. हंगामात यांची शाळा सुटते, तिकडच्या मास्तरांना पत्र लिहायला ती वही लागेल. पत्राचा मसुदा मी बघून देईन.

तुझा स्वतःचा सकाळचा सराव मात्र बंद करायचा नाही. निवडीची चाचणी पुढच्या वर्षीही आहे, आणि सूर मारताना तुझा डावा खांदा अजून आधी पडतो.

बाबांशी मी बोलतो. रविवारी येताना माझ्याकडचे दोन जुने खुंट घेऊन येईन. तळावरची जमीन खणून बघ, मुरूम लागला तर पहार तुमच्याकडेच शोधावी लागेल. चुना मी आणतो.

तुझा,
मामा