निसर्गपाठ : दोन बुलबुल

शेपटीखाली लाल रंग दिसताच मुले "लालबुड्या बुलबुल" असे उत्तर देतात. हे उत्तर कधी बरोबर असते, कधी चूक. कारण शिपाई बुलबुलाच्याही शेपटीखाली लाल रंग असतो. एकाच खुणेवरून निर्णय करू नये, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविण्यास ही जोडी फार उपयुक्त आहे.

ओळखण्याच्या खुणा : दोन्ही पक्षी सुमारे २० सेंटिमीटर लांबीचे असून दोहोंत नर व मादी सारखेच दिसतात. लालबुड्याचे डोके काळे, तुरा आखूड व अंग तपकिरी, खवल्यांसारख्या नक्षीचे असते. तो उडाला म्हणजे कमरेवरील पांढरा भाग व शेपटीचे पांढरे टोक दिसते. शिपायाचा तुरा काळा, टोकदार व उभा. गाल व पोट पांढरे आणि डोळ्यामागे लाल ठिपका असतो. त्याच्या पिल्लास हा ठिपका नसतो. अशा वेळी तुरा व पोट पाहावे.

वसतिस्थान : लालबुड्या शेताच्या बांधावर, माळावरील झुडपांत व बागांत आढळतो. शिपाई कोकणात व सह्याद्रीच्या दमट झाडीत अधिक दिसतो. परंतु पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकत्र राहतात. म्हणून केवळ जागेवरून नाव ठरवू नये.

चुकीविषयी : सन १७६६ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने लालबुड्यास शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तो दक्षिण आफ्रिकेतील केप प्रदेशाचा पक्षी अशी त्याची समजूत होती. ती चूक होती. तरी त्या प्रदेशाचा निर्देश करणारा 'कॅफर' हा शब्द नावात आजही टिकून आहे. तेव्हा विद्यार्थी चुकल्यास त्यास हसू नये, "तू काय पाहिलेस?" असे विचारावे.

खबरदारी : बुलबुलाचे वाटीसारखे घरटे झुडपात, पुष्कळदा हाताला लागेल इतक्या उंचीवर असते. त्यात बहुधा दोन-तीन अंडी असतात. नमुना म्हणून घरटे किंवा अंडी वर्गात मुळीच आणू नयेत. हे पक्षी किडे खातात व फळे खाऊन बिया दूरवर पसरवितात, हे मुलांस समजावून द्यावे.

स्वाध्याय : आठ दिवस एकाच झाडाचे ठरावीक वेळी निरीक्षण करवावे. वहीत तारीख, तुरा, गाल, पोट, कंबर व खाद्य असे रकाने आखावेत. पक्ष्याच्या नावाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा. जी खूण दिसली नाही तिच्यापुढे "दिसली नाही" असेच लिहावयास सांगावे, आणि अशा प्रामाणिक नोंदीस पूर्ण गुण द्यावेत.